आसराबाईला ओढता येईल असा कमठा

रायभानला कुणी विचारलं, बाबा तू करतोस काय, तर तो 'शेती' म्हणायचा आणि ऐकणारे गालातल्या गालात हसायचे. शेती करायची त्याची बायको, आसराबाई. रायभान आपला दाराशी बसून काही ना काही तासत, कोरत, घासत असायचा आणि मध्येच ते हातातलं भिंतीला टेकवून, एक डोळा मिटून बघत राहायचा. गाव राजूरपासून दोन कोसांवर, डोंगराच्या पायथ्याला, चाळीस उंबऱ्यांचं. राज्य निजामाचं, तालुका भोकरदन. गावात बंदूक एकच, ती रामराव पाटलाची, परवान्याची. दसऱ्याला ती बाहेर निघायची, तिला हळदकुंकू लागायचं आणि ती परत पेटीत जायची.

रायभान जातीनं धनगर. बापजाद्यांचा धंदा मेंढ्यांचा, आणि थोरला भाऊ कारभारी अजून तोच करत होता. दिवाळी झाली की कळप निघायचा तो आठ महिने चालत राहायचा. आज या शेतात वाघर, म्हणजे मेंढ्या कोंडायची जाळी, लावायची, मेंढ्या बसवायच्या, खताच्या बदल्यात धान्य घ्यायचं, उद्या पुढचं शिवार. लग्नानंतर सहा वर्षं आसराबाई त्या वाटेनं चालली. या लोकांत एक रीत होती. मुक्कामाच्या चुलीचे तीन दगड बाईनंच मांडायचे आणि बाईनंच उचलायचे. तिनं दगड उचलले की बिऱ्हाड हललं. पुरुषानं त्याला हात लावायचा नाही. नवऱ्यानं चूल उचलली याचा अर्थ बायको मेली, असा धरायचे. त्यामुळे कळप पुरुषांचा असला तरी तो हलायचा बायकांच्या हातानं. बायकांच्या वाट्याला एवढाच मान होता, आणि तोही दगडांचा.

त्या सहा वर्षांत आसराबाईला दोन लेकरं झाली आणि दोन्ही वाटेवरच गेली. मुलगी पूर्णेच्या काठी तापानं गेली, मुलगा घाटाखाली थंडीनं. दोन्ही वेळेला पुरायचं काम झालं आणि दुसऱ्या दिवशी चुलीचे दगड उचलावे लागले, कारण मेंढ्यांना पाला नव्हता. दुसऱ्या वेळी आसराबाईनं दगड उचलले, तट्टावर लादले आणि रायभानला सांगितलं की आता एकदाच कुठं तरी मांडीन, परत उचलणार नाही. ती फारसं बोलणारी बाई नव्हती, त्यामुळे रायभाननं ते ऐकलं.

डोंगराच्या पोटाशी रायभानच्या बापाची एक जमीन होती. पाटलाच्या वडलांनी ती बरीच वर्षं मेंढ्या बसवल्याच्या बदल्यात दिलेली. दिली म्हणजे काही उपकार केले नव्हते; रानडुकरांमुळे ती कुणीच कसत नव्हतं. रायभान आणि आसराबाई तिथं राहायला आले. तिनं पहिल्याच दिवशी काळ्या मातीत भुसा कालवून चूल घातली, जमिनीतच बसवून. तीन दगड नाहीत, काही नाही. चार दिवस ती वाळेपर्यंत दोघं शेजारच्या घरची भाकर खात होते. उचलता येणार नाही अशी चूल पाहायला शेजारणी आल्या आणि यात पाहण्यासारखं काय आहे हे न कळून परत गेल्या.

पहिल्या वर्षी डुकरांनी भुईमूग खाल्ला, दुसऱ्या वर्षी मका. गोफणीचा धोंडा पाखरांना पुरतो. डुकराला तो लागला तर ते मान वर करून बघतं आणि परत खाऊ लागतं. एके दिवशी दिवस मावळायच्या सुमाराला रायभान काठी घेऊन आत शिरला आणि एका नरानं त्याचा डावा खांदा फाडला. जीव वाचला, पण डावा हात पुढं छातीच्या वर म्हणून गेला नाही. छातीशी आला की तिथंच थांबायचा. कारभारी बघायला आला, घटकाभर बसला, आणि उठताना सरळ सांगून गेला की पुढच्या साली पीक हाताला लागलं नाही तर त्या दिवाळीला दोघांनी कळपात यायचं, एका माणसाची मला गरज आहेच. तो वाईट माणूस नव्हता. त्याला खरंच वाटत होतं की तो मदत करतो आहे.

आसराबाई चूल सारवत होती. रायभाननं तिच्या पाठीकडं बघितलं आणि तेव्हापासून त्याच्या डोक्यात तो कमठा शिरला.

साधा तिरकमठा त्याच्या उपयोगाचा नव्हता, कारण तो धरायला डावा हात लागतो. म्हणून त्यानं कमठा आडवा केला आणि बाभळीच्या एका दस्त्यावर बसवला. धरायचं काम लाकडानं करायचं, ओढून अडकवायचं काम खाचेनं, माणसानं नुसता खटका दाबायचा. कल्पना चांगली होती. पण बांबूचा कमठा पुरुषभर लांब. तो घेऊन शेतातल्या राखणीच्या माळ्यावर चढायचं म्हणजे बाज घेऊन झाडावर चढण्यातला प्रकार. एक टोक खांबात अडकायचं, दुसरं छपरात, आणि तेवढ्या खुडबुडीत डुकरं पसार. मग त्यानं बांबू कापून आखूड केला. आता तो माळ्यावर फिरवता येऊ लागला, पण जोर गेला. तीर डुकराच्या अंगावरच्या वाळल्या चिखलाला लागून खाली पडला. डुकरानं तो हुंगून बघितला.

म्हणजे लांब केला तर जागा नाही आणि आखूड केला तर दम नाही. या एका पेचात रायभानचा अख्खा उन्हाळा गेला. जेवताना, अंघोळीला, कुणी मयत झालं म्हणून बसायला गेला तरी त्याच्या डोक्यात तेच. मयताच्या घरी त्यानं एकाला विचारलं म्हणतात, की बांबूवर बांबू बांधला तर कसं. लोक म्हणू लागले, डुकरानं खांदा फाडला का डोकं.

उत्तर सापडलं जालन्याला. कारभारीची लोकर घेऊन तो बाजारला गेला होता. तिथं कापसाच्या गाठी लादलेली एक मोटार खड्ड्यातून गेली आणि रायभान रस्त्यातच खाली बसला. मोटारीच्या पोटाखाली लोखंडाचे आखूड पाटे एकावर एक बांधलेले होते. एवढा डोंगर वजन आला की ते दबत होते आणि वजन हललं की परत वाकून जागेवर येत होते. मागचा बैलगाडीवाला त्याच्या नावानं ओरडत राहिला. संध्याकाळी मस्तगडातल्या एका भंगारवाल्याकडून त्यानं तसला मोडका पाटा मिळवला आणि पाठीवर बांधून गावी आणला. आसराबाईला वाटलं, तवा आणला.

गावचा लोहार भुजंग. त्यानं पाटा दोन हातांहून चार बोटं आखूड तोडला, मध्ये जाड ठेवला, टोकांकडं पातळ करत नेला, आणि नांगराच्या फाळाला देतात तसं लाल करून त्याला पाणी दिलं. पहिल्याच ओढीला तो बांगडीसारखा फुटला. भुजंग आठ दिवस रायभानशी बोलला नाही. त्याच्या हाताचं पाणी कधी वाया गेलं नव्हतं. मग एक दिवस आपणच आला. हे लोखंड फाळाचं नाही, याला पाण्याचा थंडावा सोसत नाही, असं त्यानं सांगितलं, जणू चूक लोखंडाची होती. दुसरा पाटा त्यानं करडईच्या तेलात बुडवला, वर काढून घासला आणि पुन्हा मंद आगीवर धरला. कड मोरपिशी दिसायला लागली तसा लगेच बाजूला घेतला. तो पाटा वाकला आणि परत आला. भुजंगनं तो दहा वेळा वाकवून बघितला आणि मग रायभानला पान दिलं.

दोरी अंबाडीची टिकेना. पिंजाऱ्याच्या धनुकलीला असते तशी तात हवी होती, मेंढीच्या आतड्याची, आणि मेंढ्यांच्या घरात आतड्यांना काय तोटा. कारभारीनं ती धुऊन, पिळून, वाळवून पाठवली. कशासाठी ते त्यानं विचारलं नाही, आणि विचारलं असतं तर पाठवली नसती. तात अडकवायला मेंढ्याच्या शिंगाची फिरती गुंडी केली, तिच्या खाली लोखंडी खटका.

आता कमठा माळ्यावर मावत होता, दाराआड उभा राहत होता, आणि त्याचा जोर बांबूच्या चौपट होता. अडचण एकच उरली. तो कुणालाच ओढता येईना. भुजंगला आला, पण भुजंग काही रोज माळ्यावर येऊन बसणार नव्हता. रायभाननं एका हातानं ओढला, पाय लावून ओढला, कमरेला दोरी बांधून ओढला आणि उताणा पडला. आसराबाई शेण थापत होती. ती म्हणाली,

"वाघरीच्या मेखा आमी कशा उपटायचो? हातानं उपटायचो का?"

वाघरीच्या मेखा जमिनीत घट्ट बसलेल्या असतात आणि त्या उपटायचं काम बायकांचं. त्या मेखेच्या गळ्यात एक दुबेळक्याचं लाकूड घालतात, खाली धोंडा टेकवतात आणि दांडा दाबतात. नाजूक बाई ढोपरभर मेख वर काढते. रायभाननं ते सहा वर्षं रोज बघितलं होतं आणि एकदाही बघितलं नव्हतं. त्याला स्वतःची लाज वाटली, आणि त्याहून जास्त आनंद झाला. चार दिवसांत भुजंगकडून लोखंडी बेचकं झालं. दस्त्याच्या दोन्ही अंगांना खुंट्या, त्यांवर बेचकं टेकायचं, त्याचे आकडे तातेला लावायचे आणि दांडा आपल्याकडं ओढायचा. पुढच्या टोकाला पाय घालायला कारभारीच्या तट्टाची जुनी रिकीब बसवली.

आणि इथून पुढं रायभानचं माप ठरलं. कमठा किती लांब मारतो हे माप नव्हे. आसराबाईला बसल्या जागी, धाप न लागता, तीनदा ओढता आला तर तो बराबर. नाही आला तर परत भुजंगकडं. ती चणीनं लहान होती, म्हणून बेचक्याचा दांडा लांब झाला. दांडा लांब झाला तो माळ्याच्या बांबूला लागू लागला, म्हणून तो मधून दुमडता केला. पाटा दोन बोटांनी आखूड केला आणि त्याच्यावर दुसरा बारीक पाटा चढवला. पहिलं डुक्कर पडलं तरी ते थांबलं नाही, चार वर्षं हे चाललं. गावातले लोक म्हणायचे, यानं लग्नातसुद्धा बायकोच्या हाताचं एवढं माप घेतलं नसेल. ते खरंच होतं.

फसली तेराशे शेहेचाळीस, म्हणजे इंग्रजी छत्तीस सालच्या हिवाळ्याच्या तोंडाला, दिवाळीआधी, आसराबाईनं पहिलं डुक्कर पाडलं. दोन कासऱ्यांवरून, एका तिरात. ती खाली उतरली नाही, ओरडली नाही. दुसरा तीर लावून बसून राहिली. दुसरं आलं नाही. दोन मोसमांत डुकरांनी ती वाट सोडली आणि पाटलाच्या मक्याकडं वळली. पाटलाला हे आवडलं नाही, पण त्याच्याकडं बंदूक होती, त्यामुळे त्याला बोलताही येईना. भोकरदनहून एक जमादार चौकशीला आला. त्यानं कमठा उलटासुलटा केला. दारू नाही, नळी नाही, आवाज नाही. कागदावर लिहावं काय हे त्याला उमजेना. शेवटी त्यानं शेतीचं औजार असं लिहून घेतलं, शेंगांची तीन पेंडकी मागून घेतली आणि तो गेला.

दिवाळ्या येत गेल्या, कारभारीचा कळप शिवारातून जात राहिला, आणि आसराबाई दारात उभी राहून तो जाताना बघत राहिली. तिला पुढं मूल झालं नाही. पण चूल तिथंच होती. दर पावसाळ्याआधी ती तिला नवी माती लावायची, आणि रायभानला तेवढ्यावरून कळायचं की अजून एक वर्ष आपण हरलेलो नाही.

मग ते साल आलं. इंग्रजी शेहेचाळीस-सत्तेचाळीस कसंबसं गेलं, अठ्ठेचाळीसच्या आषाढापासून काही खरं राहिलं नाही. हत्यारबंद टोळ्या फिरू लागल्या. कोण कुणाच्या बाजूचा हे विचारायचीही सोय उरली नाही. शेजारचं एक गाव दिवसाढवळ्या पेटलं. त्याचा धूर इकडच्या खळ्यातून दिसला. दुसऱ्या दिवशी गाव हललं. गाड्या जुंपल्या, म्हातारी माणसं वर, भांडी वर, आणि सगळे वऱ्हाडाच्या हद्दीकडं निघाले. हद्दीपलीकडं निजामाचं राज्य नव्हतं. दीड दिवसाची वाट होती.

आसराबाई निघेना. ती घरात चुलीपाशी बसली. मांडीवर कमठा, शेजारी अकरा तीर.

रायभाननं तिला समजावलं. डुक्कर वेगळं, माणूस वेगळा. ते वीस येतील, तू एक मारशील. भुजंग गाडी थांबवून आत आला आणि त्यानं सांगितलं की वैनी, चार दिवसांचा प्रश्न आहे, सगळे परत येणार आहेत. तिनं दोघांचंही ऐकून घेतलं.

"दगडं असती तर उचलली असती," ती म्हणाली. "ही उचलत न्हाई. मी सांगितलंतं तुमाला, परत उचलनार न्हाई म्हून. तुमी जावा. माझ्यापाशी हाय हे."

भुजंग बाहेर गेला. गाडी किती वेळ थांबणार होती, हे त्यानं सांगितलं नाही, पण बैल खूर आपटत होते. रायभान उंबऱ्यात उभा होता. त्याच्या ध्यानात आलं की या बाईला इथं राहता यावं म्हणून आपण बारा-तेरा वर्षं खपलो, आणि आता तिला इथून हलू न देणारी वस्तूही आपणच तिच्या मांडीवर ठेवली आहे. कमठा नसता तर ती आली असती. रडली असती, शिव्या दिल्या असत्या, पण आली असती. चुलीला त्याला हात लावता येत नव्हता. ती तर त्याच्या लोकांत बायको मेल्याची खूण. हात लावता येईल अशी एकच वस्तू त्या घरात त्याची होती.

तो तिच्यासमोर बसला. कंबरेचा चाकू काढला. तो काय करतो आहे हे तिला कळायच्या आधी त्यानं तातेवर पातं ठेवलं आणि ओढलं. तात पिळाची, मेण लावलेली, जाड होती. ती एका ओढीत तुटली नाही. दुसऱ्या ओढीत निम्मी तुटली. तिसऱ्या ओढीला पाटा उसळला, दस्ता तिच्या मांडीवरून उडून जमिनीवर आदळला आणि तातेचं टोक त्याच्या मनगटावर वळ उठवून गेलं. त्याच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं. उजव्या हातात चाकू होता आणि डावा डोळ्यांपर्यंत पोचत नव्हता, त्यामुळे ते तसंच गळत राहिलं.

आसराबाईनं त्याच्याकडं बघितलं. मग ती उठली, गाठोडं बांधलं, चुलीवर परात पालथी घातली आणि बाहेर जाऊन भुजंगच्या गाडीमागं चालू लागली. गाडीत बस म्हटलं तर बसली नाही.

वाटेत ती एक शब्द बोलली नाही. हद्दीपलीकडच्या एका गावात त्यांना गोठ्यात जागा मिळाली, चार बिऱ्हाडं मिळून. तिथंही ती बोलली नाही. भाकरी करायची, त्याच्यापुढं ठेवायची, तोंड फिरवायची. रायभानला ते पटत होतं. आपण तिचा घात केला, असंच त्याला वाटत होतं, आणि परत तेच करायची वेळ आली तर परत करू असंही वाटत होतं. दोन्ही एकदम वाटतं तेव्हा माणसानं करायचं काय, हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. तो दिवसभर गव्हाणीला टेकून बसायचा. हातात तासायला काही नव्हतं.

पाचव्या दिवशी दुपारी बाकीची माणसं पाण्याला गेली होती. आसराबाई त्याच्यासमोर येऊन बसली. तिनं कनवटीतून एक वेटोळं काढलं आणि जमिनीवर ठेवलं. नवी तात होती. मेण लावलेली, दोन्ही टोकांना फासे घातलेली, कमठ्याच्या मापाची.

"ही कवाची?" रायभाननं विचारलं.

ती म्हणाली, कारभारीनं चैतात आतडी दिली होती, त्यांची ही तात तिनंच पिळली, आणि निघायच्या दिवशीही ती तिच्या कनवटीलाच होती.

"मंग चढवायची व्हती. बेचकं तिथंच व्हतं. घडीभराचं काम."

"व्हतं की."

"मंग आलीस कशाला?"

आसराबाईनं वेटोळं परत उचललं आणि बोटांवर गुंडाळायला सुरुवात केली.

"पोरगी पुरली तवा तुमच्या डोळ्याला पानी आलं न्हाई," ती म्हणाली. "पोरगा पुरला, तवा बी न्हाई. मला वाटायचं, ह्या मानसाला आतून काईच न्हाई. नुस्तं लाकूड हाय. त्या दिशी तात कापताना तुमी रडून राह्यलते. मंग म्हनलं, हा माझ्यासाठी भ्यालाय. आता चालावं."

रायभाननं बोलायला तोंड उघडलं. पूर्णेकाठी मुलगी पुरल्यावर तो मेंढ्यांत शिरला होता, आणि कारभारीला दिसू नये म्हणून एका मेंढीच्या लोकरीत तोंड खुपसून तिन्हीसांजेपर्यंत रडला होता. घाटाखालीही तसंच केलं होतं. तिच्यासमोर रडलं तर ती चालायची थांबेल, आणि ती थांबली तर सगळंच थांबेल, असं त्याला त्या वयात वाटलं होतं.

तो तिच्याकडं बघत राहिला. ती मान खाली घालून तात गुंडाळत होती आणि तिच्या तोंडावर इतकी सुटका दिसत होती, की तशी त्यानं या सगळ्या वर्षांत कधी बघितली नव्हती. आता सांगितलं तर ही बाई एवढी वर्षं आपल्यावर फुकट रागावून होती, हे तिला कळणार. ते ओझं तिला आज कशाला.

त्यानं तोंड मिटलं. उजवा हात पुढं करून तात मागितली, बोटांत फिरवून बघितली, आणि एके ठिकाणी पीळ सैल आहे असं तिला दाखवलं. तिनंही बघितलं, हो म्हणाली, आणि ते टोक त्याच्या हातात देऊन दुसरं टोक पिळायला लागली.